सिद्ध पंप आणि पद्माबाईचं कुंकू

सावळवाडीच्या मारुतीपुढं त्या दुपारी जी गर्दी होती, ती ग्रामसभेला जेवण ठेवलं असतं तरी जमली नसती. मधोमध पाटावर एक फवारणीचा पंप बसवलेला. पंपाला हार, पंपाला गंध, पुढं लिंबांचा ढीग, आणि शेजारी माईक धरून उभे पंपवाले महाराज.

"माउलींनो, ह्यो साधा पंप न्हाई. सोळा लिटरची टाकी, बारा व्होल्टची ब्याटरी, डबल मोटर, आन त्याच्यावर अकरा हजार जप. बाजारातला पंप नुसतं तण मारतो. ह्यो तण मारतो आन वैरी बी ओळखतो."

लोकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, माझ्या हातात पाना होता.

मी हरिचंद. आखाडा बाळापूरला फवारणीचे पंप विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे माझं. लोक तोंडावर मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागं तोंडाळ म्हणतात. दोन्ही बराबर आहे. सकाळी सावळवाडीहून पार्वतीबाईचा फोन आला होता. "मिस्त्री, तुमच्या दुकानच्या पंपातून रगत निघून राहिलंय. लवकर या." आता पंपातून पाणी गळतं, वॉशर गेला तर औषध पाठीवर उतरतं. रक्त काही माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात गळलं नव्हतं. म्हणून मोटारसायकल काढली.

भानगड अशी होती. पार्वतीबाईचा नवरा सटवाजी यानं कपाशीवर किडीचं औषध फवारलं आणि आठ दिवसांत तीन एकर कपाशी वाकडी झाली. शेंडे मुरडले, पानं भेंडीच्या पानासारखी चिरली. बांधापलीकडं पद्माबाईचं एकरभर रान. तिची कपाशी मात्र हिरवीगार. पद्माबाई विधवा, एकटी. घरी कुंकू करून औंढ्याला नागनाथाच्या देवळापुढं विकायची. एकटी बाई, चांगलं पीक, आणि कुणापुढं मान खाली घालायची सवय नाही. आपल्याकडं चेटकीण ठरवायला एवढं पुष्कळ होतं.

महाराजांना आणलं सटवाजीच्या चुलतभावानं, सोमेश्वरनं. सकाळी एकदा चमत्कार होऊन गेला होता. मी आलो म्हणल्यावर महाराजांना चेव आला, त्यांनी परत मांडला. दोन बांबूंवर दोन पिवळी फडकी ताणली. सटवाजीच्या पंपात पाणी भरलं, लाल दोऱ्याच्या पुरचुंडीतलं चिमूटभर भस्म टाकलं. सिद्ध पंपात पांढऱ्या दोऱ्याच्या पुरचुंडीतलं. दोन्ही पंप चालू केले.

सिद्ध पंपाचं फडकं पिवळंच राहिलं. सटवाजीच्या पंपाचा फवारा पडला तसं दुसरं फडकं लालभडक झालं आणि लाल पाणी खाली ठिबकायला लागलं. बायांनी तोंडाला पदर लावला.

"करणी हाय," महाराज म्हणाले. "पंपात बसलीय. ज्या बाईनं केली तिला सूर्य मावळायच्या आत शिवेबाहेर काढा, पीक आपोआप सरळ होते. आन तवर फवारणी करायची तर फकस्त सिद्ध पंपानं. माझ्या टेम्पोत बारा नग हायेत."

मला राहवेना. म्हणालो, "महाराज, ह्या तुमच्या पंपाला नोझल कोणतं बसवलंय? तणनाशकाचं चपट्या फवाऱ्याचं का किडीच्या औषधाचं गोल फवाऱ्याचं?"

"शक्तीला नोझल लागत न्हाई."

"मंग फवारा काहून बारीक उडून राहिलाय?"

दोघं-तिघं हसले. सोमेश्वर माझ्यावर डोळे वटारून म्हणाला, "मिस्त्री, तुमचा पंप बाधला म्हणून तुमाला तकलीफ होऊन राहिली. गप बसा."

पद्माबाई देवळाच्या खांबापाशी उभी होती. पायाशी कपड्यांचं गाठोडं. सकाळीच तिला घराबाहेर काढून दाराला कडी घातली होती. ती सरळ पुढं आली. फडक्याला बोट लावलं, बोट बोटावर चोळलं, वास घेतला.

"हे रगत न्हाई," ती म्हणाली. "हे कुंकू हाय. फडकं हळदीत बुडवून वाळवलंय. हळदीला चुन्याचा नाही तर सोड्याचा खार लागला की ती लाल होते. आमच्या घरी रोज ह्योच धंदा हाय."

मला वाटलं, सुटली. पण महाराज काय कच्च्या गुरूचे चेले होते? त्यांनी माईक तोंडाशी धरला.

"ऐका. बाईनं सोत्ताच्या तोंडानं कबूल केलं. हिच्याच घरचं कुंकू पंपात उतरलं."

गर्दी एकदम पुढं सरकली. सोमेश्वरनं तिचं गाठोडं उचलून रस्त्यावर फेकलं. खरं बोलल्यामुळंच बाई जास्त फसली होती, आणि पाना घेऊन मी शंभर माणसांपुढं काय करणार होतो?

पद्माबाईनं गाठोड्याकडं बघितलंसुद्धा नाही. करणी उतरवायला आणलेल्या ढिगातलं एक लिंबू तिनं उचललं, महाराजांच्याच सुरीनं कापलं आणि त्या लाल फडक्यावर पिळलं. जिथं जिथं रस पडला तिथं तिथं फडकं पुन्हा पिवळं झालं. तिनं दुसरं लिंबू कापलं. रक्ताचा डाग हळूहळू हळदीचा झाला.

"रगत लिंबानं पिवळं होते काय?" तिनं विचारलं. "झालेलं कुणी बघितलंय?"

मग पार्वतीबाई उठली. नवऱ्याला न विचारता तिनं लाल दोऱ्याची पुरचुंडी घेतली आणि सगळीच्या सगळी सिद्ध पंपात ओतली.

"मुहूर्त टळला, आता करू नका," महाराज म्हणाले.

"बटण दाबायला मुहूर्त काहून लागते?" म्हणत तिनं बटण दाबलं. सिद्ध पंपाच्या फवाऱ्यानं पिवळं राहिलेलं फडकंही लाल झालं. "मंग महाराज, तुमच्या पंपात कुणाची करणी बसली?"

लाल दोऱ्याच्या पुरचुंडीला चिकटलेली पूड मी ओल्या बोटावर घेतली. बोट बुळबुळीत झालं. धुण्याचा सोडा. पांढऱ्या दोऱ्याच्या पुरचुंडीत साधं मीठ निघालं. महाराज टेम्पोकडं निघाले होते, पण टेम्पोची चावी पार्वतीबाईच्या पोरीनं, सृष्टीनं, केव्हाच काढून घेतली होती आणि पोलिसांना फोनही तिनंच लावला होता. बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढायला लावणं हा राज्यात गुन्हा आहे, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. शिक्षण असं कधीमधी उपयोगी पडतं.

सटवाजी मात्र जागचा हलला नव्हता. "महाराज लबाड निघाले, मान्य. पण माझी कपाशी? ती तर खरीच वाकडी झाली ना, मिस्त्री?"

प्रश्न रास्त होता. मी विचारलं, "पंप घेताना मी तुला काय सांगितलं होतं?"

"दोन घे म्हणले होते. तणनाशकाला येगळा, किडीच्या औषधाला येगळा."

"आन तू?"

"मला वाटलं, मिस्त्रीला दोन पंप खपवायचेत."

"तू फकस्त विचारलंस, जोर किती हाय, फवारा किती लांब उडते. तणनाशकाला जोर नको असतो, सटवाजी. मोठे थेंब लागतात, कमी दाब लागतो, नोझलवर टोपी लागते, म्हणजे शेजारच्या पिकावर उडत न्हाई. बरं, कपाशी फवारायच्या आधी पंप कुणाकडं होता?"

सटवाजीनं मान वळवली. "सोमेश्वरनं नेला होता. उसातलं तण मारायला."

"धुऊन दिला होता का?"

सोमेश्वरचा चेहरा पडला, पण उत्तर त्यानं प्रामाणिकपणे दिलं. "धुवायचा काहून? चांगला दिला होता. उलट गिलासभर औषध आत तसंच ठिवलं. दुसऱ्याचं भांडं मोकळं कसं परत द्यावं?"

आता हसावं की रडावं? शेजारणीची वाटी परत देताना त्यात चार दाणे साखर घालायची, ही आपली रीत. चांगलीच आहे ती. सोमेश्वरनं ती पंपाला लावली. उसातल्या रुंद पानाच्या तणावर जे औषध मारतात ते उसाला काही करत नाही, पण कपाशीचं पान रुंद. तिला नळीत राहिलेले थेंबसुद्धा पुरतात, इथं तर गिलासभर होतं. पद्माबाईची कपाशी वाचली, कारण तिनं तणनाशकाला हातानं मारायचा जुना फवारणी पंप वेगळा ठेवला होता आणि तो कुणाला देत नव्हती. गाव त्यालाही खडूसपणा म्हणायचं.

गंमत अशी की सिद्ध पंपानं फवारलेलं पीक खरंच वाकडं झालं नसतं. कोरा पंप, त्यात आधी काही गेलंच नव्हतं. आणि असं औषध गेलेला पंप धुवायचा तर धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर टाकीत ठेवून नळी, नोझल सगळं तीनदा खळबळावं लागतं. म्हणजे महाराजांचं भस्म पंपात पडलं ते योग्यच होतं, फक्त आठ दिवस उशिरा.

सटवाजी पद्माबाईपुढं गेला, हात जोडून काहीतरी पुटपुटला.

"मला ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "सकाळी चेटकीण तुमी माईकवर म्हणले होते. आता बी माईकवरच बोला."

सटवाजीनं माईक घेतला. सगळ्या गावाला ऐकू गेलं, की पद्माबाईनं काही केलेलं नाही, घाण आमच्याच पंपात होती आणि ती आमच्याच माणसानं ठेवली होती. सोमेश्वरनं रस्त्यावरचं गाठोडं उचललं, धूळ झटकली आणि तिच्या घराची कडी काढायला पुढं चालू लागला. ती मागून चालली, गाठोडं तिनं त्यालाच वाहू दिलं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून हेच सांगतो, तुम्हालाही सांगतो. पीक बिघडलं तर आधी पंप उघडा. नोझल बघा. मागच्या खेपेला टाकीत काय होतं आणि पंप कुणाकडं होता ते विचारा. पान तोडून जाणत्या माणसाला दाखवा. एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर सरळ म्हणा, मला माहीत नाही. तसं म्हणाल्यानं आजवर कुणाच्या घराला बाहेरून कडी लागलेली नाही.