रस्त्यावर आलेलं घर

"जरा अलीकडे धर ना," ताई हळूच म्हणाली. "चार-पाच हात. कोण बघतंय?"

धाकटीने दांड्याचं टोक घराच्या पुढच्या कोपऱ्याशी टेकवलं आणि दांडा सरळ उभा राहावा म्हणून त्यावरच्या काचेतला बुडबुडा मधोमध आणू लागली. एरवी हे काम तिला बोलता बोलता जमायचं. आज बुडबुडा जागेवर राहायला तयार नव्हता.

दांड्याच्या डोक्यावर उपड्या वाडग्यासारखी एक पांढरी पेटी होती. ती आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडायची. नदीपलीकडच्या कातळावर तशीच दुसरी पेटी बसवलेली होती. तो कातळ कधी हलत नसे, म्हणून त्याच्याशी ताडून पाहिलं की टेकडीवरची कुठलीही जागा नकाशात नेमकी कुठे येते ते बोटाच्या पेराइतकं अचूक कळायचं. मोजणी खात्याने हे यंत्र घ्यावं म्हणून धाकटीनेच साहेबांच्या मागे लकडा लावला होता. त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली. सगळी वसाहत तिला मोजणीबाई म्हणायची. या एका घरात मात्र ती अजून धाकटीच होती.

गोष्ट साधी होती, आणि तीच पंचाईत होती. टेकडी सरकत होती. धाडकन कोसळत नव्हती. घरं, पायऱ्या, झाडं, नळ असं सगळं अंगावर घेऊन सावकाश खाली येत होती. भिंतींना तडे जायचे, दारं अडकायची. लोक तडे बुजवायचे, दारं तासून घ्यायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. वर्षाला वीतभर, जास्त नाही. पण वीत वीत करता करता घरं चार-पाच हात खाली आली होती, आणि नकाशा होता तिथेच होता.

हे सगळ्यात आधी कळलं ते धाकटीला. पहिल्या वर्षी आकडे जुळेनात, तेव्हा कचेरीत तिची चेष्टा झाली. "मॅडम, यंत्राला चक्कर येतेय की तुम्हाला?" ती दर महिन्याला येऊन मोजत राहिली, वर कळवत राहिली. शेवटी गेल्या वर्षी निर्णय झाला, की अख्खी वसाहत नदीपलीकडच्या सपाट जमिनीवर हलवायची. त्या दिवशी ती कचेरीतून थेट ताईकडे धावत आली होती. ताईने तिला कवेत घेऊन गदागदा हलवलं होतं. भाऊजी शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाले होते, "चला, मेहुणीच्या नोकरीचा एकदाचा उपयोग झाला."

मग नियम आला. ज्याचं घर त्याच्या स्वतःच्या हद्दीत उभं आहे, त्याला पलीकडे तेवढीच जागा मिळेल. ज्याचं घर हद्दीबाहेर, ते अतिक्रमण; त्याला काहीच नाही. वरच्या ओळींतल्या घरांचं कसंबसं निभावलं. प्रत्येकाचं घर खालच्या शेजाऱ्याच्या जागेत घुसलं होतं, पण शेजाऱ्यांनी एकमेकांना संमती लिहून दिली आणि काम भागलं. सगळ्यात खालच्या ओळीला मात्र पुढे शेजारी नव्हता. पुढे कातळ फोडून केलेला रस्ता होता. रस्त्याची संमती कोण देणार?

ताईचं घर त्या ओळीतलं. पुढच्या खोलीत भाऊजींचं शिवणाचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. पूर्वी दारासमोर गटार होतं आणि गिऱ्हाईक फरशीवरून ते ओलांडून आत यायचं. आता गटार दुकानाखाली गेलं होतं आणि उंबरठा रस्त्याला टेकला होता. रस्त्याला मोकळेपणाने "काय राव, कोणाला विचारून इथं आलात?" असं विचारता आलं असतं, इतकं ते घर पुढे आलं होतं.

"तुला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरले," ताई म्हणाली. "कधी काही मागितलं?"

"ताई, नको ना."

"मागितलं का?"

धाकटीने दांडा उचलला. इकडेतिकडे न बघता ती घराच्या कडेच्या बोळात शिरली आणि भिंतीच्या कडेने मागे सरकली. वर छपरांच्या मधून आभाळाची पट्टी दिसत होती. पेटीला एवढं आभाळ पुरणार होतं. वेळ लागला असता इतकंच. तिने दांडा टेकवला. हातातल्या पडद्यावर आकडे इकडून तिकडे नाचू लागले. आयुष्यात तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता. त्यात मोठेपणा नव्हता, तशी वेळच कधी आली नव्हती.

आकडे स्थिरावत आले, तोच बोळाच्या तोंडाशी भाऊजी उभे राहिले. गळ्यात मापाची पट्टी, बोटात शिवणाचं अंगुस्तान.

"कोपरा इकडे आहे," ते म्हणाले.

"तुम्ही आत जा हो," ताई चिडून म्हणाली.

भाऊजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे होऊन त्यांनी धाकटीच्या हातावर हात ठेवला आणि तिला दांड्यासकट हळूहळू पुढे आणलं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसं. दुकानाच्या कोपऱ्याशी येऊन थांबले.

"इथे धर. उद्या दुसरा कोणी येऊन मोजेल, तेव्हा आमचं घर जाईल आणि तुझी नोकरीही. एकच जाऊ दे."

"भाऊजी, मीच तुम्हाला..."

"दाब ते बटण. गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

तिने बटण दाबलं. यंत्राने बारीकशी शीळ घातली. ताई घरात गेली. आतून भांडी आदळल्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

*

साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"साहेब, घर त्यांनी पुढे बांधलेलं नाही. जमीन सरकली. सगळं आपल्याच मोजणीत आहे."

"मला सांगता, मॅडम? तुम्हीच तर मला शिकवलंत."

"मग?"

"मग जमीन सरकली हे खरं, आणि घर रस्त्यावर आहे हेही खरं. मला विचारलंय ते दुसरं."

"वर कळवा ना."

"तीनदा कळवलं. ते म्हणतात, जागा त्यांची आहे ना, मग घर जागेत घ्या. नंतर बघू."

"घर जागेत घ्यायचं म्हणजे काय करायचं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते त्यांनी सांगितलेलं नाही."

"त्या जागेत आता मागच्या नर्सबाईंचं स्वयंपाकघर आहे."

"हो. नर्सबाईंना पलीकडे जागा मिळाली." पुसलेला चष्मा त्यांनी टेबलावर ठेवला. "पूर्वी साखळीने मोजायचे, तेव्हा दोन-चार हात इकडचे तिकडे झाले तर कोणी विचारत नव्हतं. मीच डोळेझाक केली असती. आता तुम्ही बटण दाबता आणि आकडा थेट वर जातो. माझ्यापर्यंत येतो तोवर पक्का झालेला असतो."

धाकटी खुर्चीवरून उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. काहीतरी शेवटचं, जोरात बोलायचं होतं. पण समोर साहेब चष्म्याशिवाय बसले होते. उघड्या डोळ्यांचा तो माणूस इतका थकलेला दिसत होता, की ती "येते" एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिने करायचं ते सगळं केलं. अर्ज लिहिले. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बाकड्यावर बसली. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसरा म्हणाला, "तुमच्या खात्याचीच मोजणी आहे ना? मग तुम्हीच तक्रार कशी करता?" आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नर्सबाई स्वतः ताईकडे येऊन बसली. रुग्णालयात रात्रपाळ्या करून निवृत्त झालेली, एकटी बाई; तीस वर्षांचा शेजार. "मी नाही जात," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर माझी चूल, आणि जागा मला? मला तिकडे घास उतरायचा नाही."

"उतरेल," ताई म्हणाली. "तू इथं राहिलीस म्हणून माझं घर मागे जाणार आहे का? जा मुकाट्याने. पडवीत तुझ्या मांजराएवढी भेग पडलीय, दिसत नाही?"

"मांजर त्यातूनच येतं-जातं," नर्सबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता नर्सबाईला रडू फुटलं, तेव्हा ताईनेच तिला पाणी आणून दिलं.

धाकटीने ताई-भाऊजींना आपल्या घरी येऊन राहायला सांगितलं. दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेली सासू, मोठा झालेला मुलगा, अभ्यासाला कोपरा शोधणारी मुलगी. नवरा मनापासून म्हणाला, "येऊ दे, जागा करू." भाऊजींनी ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे माझी सुई ठेवायलाही जागा नाही," ते म्हणाले. "मशीन कुठे ठेवू? सासूबाईंच्या उशाशी? दिवसभर खडखड ऐकून उठून चालायला लागतील." मग गंभीर होऊन म्हणाले, "गिऱ्हाईक इथे येतं, धाकटे. म्हणतात ना, घर फिरलं की वासेही फिरतात. इथे घर फिरलंय खरं, वासे अजून जागेवर आहेत. तोवर बघू."

तो माणूस तिला धीर देत होता, आणि धीर द्यायची पाळी तिची होती.

*

वरच्या ओळी गेल्या. ट्रक आले, कपाटं आणि गाद्या चढवल्या, मांजर टोपलीत घालून नेलं. रिकामी घरं सरकारने पाडून टाकली. टेकडीवर आता मोकळी माती होती, तुटक्या पायऱ्या होत्या, आणि पायथ्याशी रस्त्याला चिकटून एकच ओळ उभी होती. त्यांच्या अर्जांचा विचार चालू होता. दर वेळी कचेरीतून हेच उत्तर यायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

वरची वसाहत रिकामी झाली तरी मोजणी बंद झाली नव्हती. पुढच्या महिन्यात धाकटी दांडा घेऊन आली, तेव्हा भाऊजी पडदे शिवत होते. फिकट निळे, लांबलचक.

"नर्सबाईचे," ते म्हणाले. "नव्या घराच्या खिडक्या मोठ्या आहेत म्हणे. उजेड फार येतो."

ताई बाहेर आली. त्या मोजणीच्या दिवसानंतर दोघी बहिणी जेमतेम कामापुरतं बोलत होत्या. भांडण नव्हतं. बोलायला गेलं की दोघींच्याही मनात तोच विषय यायचा.

धाकटीने कोपऱ्याशी दांडा टेकवला. ऊन कडक होतं, आणि त्या उजेडात यंत्राच्या पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. तिने एका हाताने दांडा सावरत दुसऱ्या हाताने पडद्यावर आडोसा धरायचा प्रयत्न केला; जमेना.

ताई बघत होती. मग ती दोन पावलं पुढे आली आणि ऊन अडवून उभी राहिली. तिची सावली धाकटीच्या हातांवर, पडद्यावर पडली.

"दिसतंय आता?"

"दिसतंय."

घर सरकल्याचा आकडा नेहमीपेक्षा मोठा होता. वरची घरं पाडल्यापासून माती सैल झाली होती. धाकटीने तो दोनदा बघितला. ताईने आकडा विचारला नाही. आतून मशीनचा आवाज येत होता.

"झालं की सांग," ताई म्हणाली. "मी उभी आहे."