झाकणं

दोक्सिलने डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला, गाठ कानामागे घेतली आणि ओसरीवर सासूच्या समोर बसली. नजरेला नजर भिडेल इतकी खाली. गुडघे कडाडले. सत्तरीतल्या बाईने सासूच्या मैत्रिणीचं सोंग घ्यायचं! पण घेतलेलं सोंग वठवावं लागतं.

"कान्नान, आलीस?" म्हातारीचा चेहरा उजळला.

"आले गं."

कान्नान ही म्हातारीची माहेरची सखी. देशाचे दोन तुकडे होऊन उत्तरेशी लढाई झाली, त्या साली तरुणपणीच मेली. रुमाल बांधला की दोक्सिल तिला कान्नान वाटते, हे ह्येरानच्या लक्षात आलं होतं. ह्येरान सरकारी केंद्रातून यायची. स्मृतिभ्रंश झालेल्यांशी कसं बोलावं ते घरच्यांना शिकवायची. समोरून जावं, हळू बोलावं, चूक काढू नये. "त्या ज्या वर्षात असतील, त्या वर्षात आपण जायचं, मावशी."

"मला ओसरी चढवत नाही, आणि वर्षं कुठली ओलांडू?" दोक्सिलने तेव्हा सुनावलं होतं. पण रुमाल बांधला त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली, आणि चावली नाही.

आज इस्पितळाची गाडी यायची होती. म्हातारी आता तिथेच राहणार होती. गेल्या खेपेला गाडी आली, तेव्हा तिने अंगणातल्या रांजणाला मिठी मारली. गाडीवरच्या दोघांनी ओढलं, तिची नखं उलटली, आणि सारा गाव कुंपणावरून तमाशा बघत राहिला. गाडी रिकामी परतली. पुढल्याच आठवड्यात तिने दोक्सिलला ओसरीवरून ढकललं. मनगट अजून प्लास्टरमध्ये होतं. नवरा "आई आहे माझी" म्हणायचा, आणि तिला उचलायची वेळ आली की कोंबड्यांना दाणे टाकायला जायचा. आजही गेला होता.

ते सोयाबीनच्या आंबवणाचे रांजण म्हणजे म्हातारीचं राज्य. लेकींनासुद्धा तिने रांजणांना हात लावू दिला नव्हता. सकाळी ऊन आलं की झाकणं काढायची, ऊन कललं की लावायची. दोक्सिल लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवशी म्हातारी तिला हे बजावत आली होती, जणू सुनेला डोळेच नाहीत.

म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. "ती घरात नाही ना?"

"कोण?"

"माझी सून गं. जीभ आहे की कोयता! जेवण असं आपटते पुढ्यात, मांजरही तोंड लावायचं नाही."

दाराशी उभ्या असलेल्या ह्येरानने मान खाली घातली.

"आणि तू लई लाडात ठेवलंस ना तिला?" दोक्सिल म्हणाली.

"नवी आली तेव्हा ओढ्यावर धाडली. बर्फ फोडून धुणं धुवायला. रडते का ते बघायला."

"मग?"

"नाही रडली सटवी."

दोक्सिलची प्लास्टरबाहेरची बोटं हळूहळू मिटली. फाटकाशी गाडी थांबली.

"चल," ती म्हणाली, "तुझ्या माहेरी, बल्ग्योला जाऊ. ओहोटी लागली असेल. चिखलात शिंपले वेचू. तुझ्या आईने बोलावलंय."

"आईने?" म्हातारी खांब धरून स्वतःहून उठली.

ह्येरान पुढे झाली, हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, मी यासाठी नव्हतं शिकवलं."

"मग तू ने ओढून. हे घे, धर हिचा हात."

ह्येरानने हात पुढे केला नाही.

दोघी अंगणातून निघाल्या. रांजणांची तोंडं उन्हात उघडी होती. म्हातारीने तिकडे पाहिलंही नाही. मुकाट गाडीत बसली, ड्रायव्हरने पट्टा लावला तेव्हाही ओरडली नाही.

"तू?" तिने विचारलं.

"टोपली राहिली. मी मागून येते."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग खिडकीतून हात बाहेर काढून तिने दोक्सिलच्या रुमालाची सैल झालेली गाठ घट्ट केली.

"ऊन कललं की झाकणं लाव," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

गाडी वळणाआड गेली, तसा नवरा घरामागून आला, हातात दाण्यांचं भांडं तसंच भरलेलं.

"एकदाही ओरडली नाही! ओळखलं नाही ना तुला?"

"नाही," दोक्सिल म्हणाली.

ऊन अजून माथ्यावर होतं. रुमाल न सोडताच ती रांजणांपाशी जाऊन उभी राहिली, आणि ऊन कलायची वाट बघू लागली.