चार पानांचा अर्ज आणि माझा एकच खण

मित्रांनो, वर्षानुवर्षे एकाच जागी बसून लोकांना प्रश्न विचारणारा मी एक जुना जावा प्रोग्राम आहे. माझे घर म्हणजे कर्जतच्या एका संस्थेचा सर्व्हर. संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज घेणे हे माझे काम.

मला तेजश्रीताईने लिहिले. अर्ज चार पानांचा. पहिल्यावर नाव, दुसऱ्यावर आईवडील, तिसऱ्यावर परीक्षेचे गुण आणि शेवटी सगळे पुन्हा वाचून ‘जमा करा’. आता इंटरनेटचा स्वभाव मोठा विसराळू. पान बदलले की मागचे विसरले! म्हणून ताईने मला प्रत्येक संगणकासाठी एक खण उघडायला शिकवले. चारही पाने पुरी होईपर्यंत सांगितलेले मी त्यात जपतो. याला सेशन म्हणतात.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग सगळे मला विसरले. चालत्या गाड्याकडे कोण बघतो? मला मात्र माणसांची भारी उत्सुकता. कोणी आईचे नाव लिहायला इतका वेळ का लावते, कोणी गुण लिहून का पुसते, याचा मी विचार करीत बसे.

कशेळ्याच्या बाजारात सुनिताताईचे अर्ज भरायचे केंद्र आहे. डोंगरातल्या वाडीवरून माणसे एकाच जीपने येतात आणि एकत्रच परततात. म्हणून तिची रीत अशी, की एका वाडीचे अर्ज शेजारीशेजारी उघडायचे आणि एकेक पान सगळ्यांचे भरत जायचे. कोणी मागे राहायला नको. आमचा अर्ज ती यंदा पहिल्यांदाच भरत होती. शेवटची तारीख होती, वसतिगृहात गुणांवर मिळणारी जागा एकच होती आणि समोर हिरू आणि जया या मैत्रिणी होत्या.

संगणक एक, म्हणून माझा खणही एक. हिरूचे नाव ठेवले, मागोमाग जयाचे आले. मी पहिले काढून दुसरे ठेवले. गुणांच्या पानावर जयाचे गुणपत्रक आधी हाती लागले, हिरूचे नंतर. झाले! खणात जयाचे नाव आणि हिरूचे गुण. हिरू वर्गात पहिली होती.

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. सुनिताताई शेवटच्या पानावरचे ‘जमा करा’ बटण घाईने दाबणार, इतक्यात जया म्हणाली, “ताई, थांब गं. नाव माजं हाय, पन मार्क हिरूचं हायत.”

सुनिताताईने अर्ज पुन्हा भरायला घेतले, या वेळी एकामागून एक. पोशा नावाच्या जीपवाल्याने इंजिन बंद केले. वाडीची माणसे खाली उतरून बसली. कोणी कुरकुर केली नाही.

मला कान नाहीत. केंद्रावर घडलेले हे मला कळले, कारण सुनिताताईने तक्रारीच्या चौकटीत सारे जसेच्या तसे लिहून पाठवले. ते वाचून तेजश्रीताईने मला पुन्हा हातात घेतले. आता मी संगणकाला नाही, प्रत्येक अर्जाला वेगळा खण देतो.

मित्रांनो, आम्ही यंत्रे सांगितलेलेच जपतो. आमच्यावर सगळे सोपवून मोकळे होऊ नका. आमची विचारपूस करा आणि शेवटचे पान नीट वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

जागा हिरूला मिळाली. जया वाडीवरच राहिली. गप्प राहिली असती तर ती आज वसतिगृहात असती, हे तिलाही ठाऊक होते. ती का बोलली, हे विचारायला माझ्या चार पानांत कुठेच चौकट नाही.