वेनजिंगचे आभार

कॅनडातल्या विनिपेगच्या मराठी मंडळात आभार मानावेत ते रवींद्र सबनीसांनीच. गणपती असो की कोजागिरी, शेवटी माइक यांच्याच हातात. खुर्च्या मांडणाऱ्यापासून पार्किंगमधला बर्फ फावड्याने उपसणाऱ्यापर्यंत एकही नाव सुटायचं नाही. एकदा एका बाईंचं सुटलं, तर त्यांनी दोन वर्षं मंडळाला बटाटेवडे करून दिले नाहीत. तेव्हापासून गृहस्थांनी कानाला खडा लावला होता.

वेनजिंग त्यांच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायची, गेली बारा वर्षं. मूळची चीनची, बोलकी बाई, पण नगरसेवकाची निवडणूक जवळ आली तशी गप्प गप्प राहू लागली. त्या दोघांच्या वॉर्डात चिनी म्हाताऱ्यांची वस्ती मोठी, आणि त्यांच्या संघाचे अध्यक्ष मिस्टर गाओ. आता गाओ काही राक्षस नव्हेत. म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेणं, पेन्शनचे फॉर्म भरून देणं, नववर्षाला पोटभर जेवू घालणं, सगळं तेच करत. माणसं त्या उपकारांखाली पार वाकली होती. यंदा गाओंनी उमेदवारही ठरवून दिला आणि वर सांगितलं, मतपत्रिकेचा फोटो काढून आम्हाला पाठवा. कोण पाठवत नाही याची खबर थेट मायदेशी, चीनच्या सरकारकडे जाते, अशी कुजबुज होती. ती खरी की खोटी हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

रवींद्ररावांच्या रहिवासी संघाने सगळ्या उमेदवारांची जाहीर सभा ठरवली. तिचं पत्रक वेनजिंगने चिनीत करून दिलं. त्यात ठळक लिहिलं होतं, ‘तुमचं मत गुप्त असतं. त्याचा फोटो कुणालाही द्यावा लागत नाही.’ कागद हातात देताना तिने एकच अट घातली.

“माझं नाव कुठेही नको, रवी. आई तिकडे एकटी आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कुणी मनात आणलं तर तिचं काय होईल?”

“अगं, मी काय लहान आहे? माझ्या पोटात राहील.”

राहिलं असतं हो! पण रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. काठ्या टेकत म्हातारेकोतारे आले, प्रश्न विचारू लागले, एका आजीने तर उमेदवाराला चांगलंच फैलावर घेतलं. रवींद्ररावांची छाती फुगली. शेवटी माइक हातात आला. यादी खिशात होती, यादीत वेनजिंग नव्हती. पण मागे कॉफीच्या टेबलाशी ती कप भरताना दिसली, आणि यांना भरून आलं. एवढी राबली आणि तिचंच नाव गाळायचं? इतक्या वर्षांची सवय जिभेवर स्वार झाली.

“आणि जिच्या भाषांतराशिवाय आज तुम्ही कुणी इथे आलाच नसता, ती माझी मैत्रीण, वेनजिंग चेन!”

आडनावासकट! शाबास!

टाळी वाजलीच नाही. तिसऱ्या रांगेतला निळ्या जॅकेटवाला माणूस सुरुवातीपासून फोनवर शूटिंग करत होता. त्याने शांतपणे फोन मागे वळवला. वेनजिंगचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातला कप टेबलावर ठेवून ती मागच्या दाराने निघून गेली.

गाडीत सुरेखाताईंनी नवऱ्याला सोडलं नाही. “अहो, काय केलंत हे? तिने हात जोडून सांगितलं होतं ना?”

“तोंडातून गेलं गं.”

“तुमच्या तोंडातून गेलं, आणि भोगायचं त्या म्हातारीने!”

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फोन केले, तिने उचलले नाहीत. सोमवारी ऑफिसात वेनजिंग स्वतःच टेबलाशी आली. आवाज अगदी सपाट.

“आईकडे दोघं येऊन गेले. फळांची टोपली घेऊन. आज संध्याकाळी पुन्हा येणार आहेत, तिकडची सकाळ. आईला म्हणाले, मुलीच्या मित्रालाही व्हिडिओवर बोलवा, मिस्टर सबनीसना.” ती थांबली. “आईला तुझं नाव माहीत नव्हतं, रवी. मी कधी सांगितलंच नव्हतं.”

न जावं तर म्हातारीचं काही बरंवाईट, जावं तर काय बोलायचं? संध्याकाळी रवींद्रराव जीव मुठीत धरून वेनजिंगच्या किचनमध्ये बसले.

पडद्यावर आई आली. हसत होती, पण नजर सारखी बाजूला जात होती. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि स्वेटर घातलेला एक पन्नाशीचा माणूस तिच्या शेजारी येऊन बसला. इंग्रजी स्वच्छ, वागणं अदबीचं.

“मिस्टर सबनीस, तुमचं भाषण पाहिलं. फार छान. तुम्ही कुणालाही विसरत नाही.” मग त्याने म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. “आम्हीही आजींना विसरत नाही. दवाखान्याची गाडी वेळेवर येते की नाही, मी जातीने बघतो.”

म्हातारीने मान डोलावली.

“त्या पत्रकाला आणखी कुणाकुणाचा हातभार लागला? त्यांचेही आभार राहून गेले असतील.”

घरोघरी पत्रकं वाटणारे तिघे म्हातारे रवींद्ररावांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सगळी नावं गिळली.

“कुणाचा नाही. पत्रक मी एकट्याने केलं. वेनजिंगचं नाव चुकून घेतलं.”

माणूस मनापासून हसला. “पण तुम्हाला चिनी कुठे येतं?”

खोटं बोलायचं तरी नीट बोलता येऊ नये माणसाला! तेवढ्यात वेनजिंग पुढे सरकली आणि चिनीत बोलू लागली. हळू, खालमानेने, बराच वेळ. माणसाने समाधानाने मान हलवली. आई हसता हसता रडायला लागली, आणि पडदा बंद झाला.

“काय सांगितलंस त्याला?” रवींद्ररावांनी कसंबसं विचारलं.

“शनिवारी गाओंच्या जेवणाला जाणार आहे. मतपत्रिकेचे फोटो पाठवा, असं मीच म्हाताऱ्यांना समजावणार आहे.”

“ते ऐकतील तुझं?”

“ऐकतील ना. ते पत्रक माझं होतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.”

तिने उठून त्यांचा कोट आणून दिला. माफ कर म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. वेनजिंगने दार उघडून धरलं होतं.