दहाव्या मठाची रांग

सफ्ताचा पाय घरात ठरत नसे. नवऱ्याला, तोदेरला, आजार जडल्यापासूनच्या दीड वर्षात ती नऊ मठ पालथे घालून आली होती. बुकोविना प्रांताच्या डोंगरांत मठांना तोटा नाही. कुठे तिने संताच्या अस्थींच्या पेटीवर कपाळ टेकवलं, कुठे झऱ्याचं पाणी भरून आणलं, कुठे गुडघ्यांवर चर्चला तीन प्रदक्षिणा घातल्या. खिडकीत तेलाच्या आणि पवित्र पाण्याच्या बाटल्या अशा दाटल्या होत्या, की खाटेवरच्या तोदेरला बाहेरचं अंगण दिसेनासं झालं होतं.

तोदेर लाकडी कौलं घडवणारा. गावच्या चर्चचं अख्खं छप्पर त्याच्या हातचं. आधी त्याच्या हातातून कुऱ्हाड निसटायला लागली, मग चमचा. मग पाय गेले आणि आता जीभही जड व्हायला लागली होती. सुचावा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, यावर औषध नाही. सफ्ताने तिथल्या तिथे ठरवलं, मग हे काम देवाचं.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी ती पुन्हा पिशवी भरायला लागली.

"दहावा का गं?" तोदेरने विचारलं.

"डोंगरापलीकडचा. तिथली मारियामातेची तसबीर फार जागृत आहे म्हणतात. मागच्या वर्षी एक पांगळी बाई तिथून चालत घरी गेली."

"मला इतकं तेल चोपडलंयस, आता नुसतं कढईत सोडायचं बाकी राहिलंय."

"देवाची चेष्टा करू नकोस."

"देवाची कुठे? तुझी करतोय." मग जरा थांबून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा तो म्हणाला, "उद्या राहा की घरी."

"का? काही होतंय का?"

"होत काही नाही. राहा म्हणतो."

"अरे, मी काय हौसेनं धावतेय?" ती तडकून बोलली. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

सकाळी त्याला दुधात कालवलेली मक्याच्या पिठाची मऊ मामालिगा भरवून, शेजारच्या वार्वाराला लक्ष ठेवायला सांगून तिने सहाची बस पकडली.

रांग मठाच्या भिंतीला वळसा घालून पार फळबागेपर्यंत गेली होती. सफ्ताला उभं राहवेना. दर थोड्या वेळाने ती बाहेर येऊन पुढे डोकावायची. शेवटी मागची म्हातारी म्हणाली, "ओ बाई, तुम्ही नाचल्यानं रांग सरकत नाही." सफ्ता जागेवर आली, पण प्रार्थनाही धड होईना. ओठांवर एवढंच येत होतं, ऐक ना, अरे ऐक ना.

दाराजवळ एका टेबलावर जोगीण नावांच्या चिठ्ठ्या देत होती. चिठ्ठीवर दोन रकाने, एक जिवंतांचा, एक गेलेल्यांचा. आत पाद्री ती नावं वाचून प्रार्थना करत. पुढची काळा रुमाल बांधलेली बाई पेन हातात धरून नुसतीच उभी होती.

"ताई, तुमचं झालं की द्या पेन," सफ्ता म्हणाली.

"तुम्हीच लिहा आधी," ती म्हणाली. "चार वर्षं नवऱ्याचं नाव या रकान्यात लिहिलं. आज त्या रकान्यात लिहायचंय, तर हात चालेना."

सफ्ताने पेनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "मग आता कशाला आलात?"

"देवाशी भांडायला आले होते. रांगेत उभी राहून राहून तेही विसरले."

"जाताना काही बोलले का ते?"

"कुणास ठाऊक. बोलले असतील. मी इथेच होते, रांगेत."

बाईने नाव लिहिलं आणि पेन पुढे केलं. सफ्ताने ते घेतलं नाही. ती वळली आणि चालायला लागली.

"अहो ताई, जागा जाईल तुमची!"

"जाऊ दे."

परतीची बस संध्याकाळची. सफ्ता फाटकापाशी येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी लाकडं नेणाऱ्या एका ट्रकवाल्याची विनवणी करून त्याच्या शेजारी चढून बसली. घाटातून उतरताना मनातल्या मनात देवाशी तिची जुंपली. दीड वर्ष घसा कोरडा केला, आणि अगदी दारातून परत पाठवलंस? हेच तुझं उत्तर?

तीनच्या सुमारास ती घरात शिरली तेव्हा तोदेर एकटाच होता.

"तसबीर रुसली वाटतं?"

"का राहा म्हणालास काल? खरं सांग."

त्याला वेळ लागला. "बोलायचं होतं. जीभ आहे तोवर."

सफ्ताच्या हातातली पिशवी खाली पडली. "मग बोल."

"आधी बस तरी."

ती बसली, पण पाऊल हलतच होतं. तोदेर बोलला. माळ्यावर देवदाराच्या चार फळ्या आहेत, त्यांचीच शवपेटी करायची, हे बोलला. लग्नाच्या वर्षी त्याने तिच्यावर हात उचलला होता, त्याची माफी त्याने मागितली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाला, "देवाकडे मीही मागतो हं. पण बरं कर, असं मागत नाही आता."

"मग काय मागतोस?"

"ही बाई घरात टिकू दे."

सफ्ता त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुझं ऐकलंन् त्यानं. आणि माझं?"

तोदेर हसला, हसता हसता त्याला ठसका लागला, आणि त्याची पाठ चोळता चोळता ती रडायला लागली.

त्या दिवसापासून ती कुठे गेली नाही. संध्याकाळी दोघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' आलं की सफ्ता अडायची.

"म्हण की," तो म्हणायचा.

"तोंडात येत नाही. देवासमोर खोटं कसं बोलू?"

"बरं, तेवढं मी म्हणतो. तू पुढचं घे."

तसं ऑक्टोबरापर्यंत चाललं. मग एका संध्याकाळी त्या ओळीशी सफ्ता थांबली आणि तोदेरकडून आवाजच आला नाही. त्याचे ओठ हलले, घशात नुसती घरघर झाली. तो डोळे रोखून तिच्याकडे पाहत राहिला. मग सफ्ताने ती ओळ म्हटली. रागाने, फुटक्या आवाजात म्हटली. त्याने डोळे मिटले.

डिसेंबरात एका सकाळी, उजाडल्यावर, तो गेला. त्याचा हात तिच्या हातात होता.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, त्याच्या नावाच्या जेवणानंतर, गावच्या चर्चच्या फादर इलारिओनांनी तिला विचारलं, "सफ्ताबाई, मन शांत झालं का?"

"नाही फादर. घरात बसवत नाही अजून. देवानं तोदेरला बरं का केलं नाही, ते मला कळलेलं नाही आणि पटलेलंही नाही."

"आणि प्रार्थना?"

"करते. ती ओळही म्हणते. कधी घाईघाईत, कधी दात आवळून. पण गाळत नाही."

एवढं बोलून ती उठली आणि उष्टी ताटं गोळा करायला लागली.