वाळल्यावर बघा

मी एक फळी बोलतेय. साधी प्लायवूडची, कोपरे झिजलेली. दमलेय हो मी, त्यामुळे सावकाश सांगेन.

माझा मालक घरं रंगवायचा. गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा असला की आधी माझ्या अंगावर पट्टा ओढायचा. लोक तरी एकेक नमुने. कुणाला फिका हवा, कुणाला फिकाच, पण जरा गडद. मालक चिडायचा नाही. "आत्ता ठरवू नका, वाळल्यावर बघा," एवढंच म्हणायचा. त्याचे रंग ओले असताना फिके दिसत आणि वाळले की गडद होत. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

जागा संपली की तो मला पांढरं करून टाकायचा आणि पुन्हा सुरुवात. पाठीला म्हणून आराम नव्हता.

त्याच्या स्वतःच्या खोलीचे मात्र पोपडे निघाले होते. बायको ऐकवायची, तो हसण्यावारी न्यायचा. एका सुट्टीच्या दिवशी मात्र त्याने उरलेसुरले डबे काढले, रंग कालवला आणि माझ्या कोऱ्या अंगावर मधोमध एक पट्टा ओढला. धड निळा नाही, धड राखाडी नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो पाहिला.

"हाच," ती म्हणाली.

"मग पुढच्या सुट्टीला करून टाकू."

ती सुट्टी आलीच नाही. कामावरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

मी दाराआड पडून राहिले. बऱ्याच महिन्यांनी तिने मला बाहेर काढलं, धूळ पुसली. तोच रंग भिंतीला लावायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ती शिवणकाम करायची. कापडाला दोरा जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रंग काय, असाच जुळेल, असं तिला वाटलं.

कामावरून आली की ती डबे उघडायची. कालवलेला रंग त्याच्या पट्ट्याशेजारी लावायची. हुबेहूब जुळायचा. तिचा चेहरा खुलायचा. सकाळी बघावं, तर तो गडद झालेला. "काल तर बरोबर होता," म्हणत ती मटकन खाली बसायची. दोरा काही वाळून बदलत नाही, मग तिला कसं कळावं? मला माहीत होतं, पण माझं कोण ऐकणार?

मग ती माझ्यावर राग काढू लागली. खरवडलं, बोटांनी फासलं, एकदा तर पिवळा डबा उपडाच केला. रडायची, पण हात थांबत नसे. पुढे पुढे रंग जुळवायचंही विसरून ती नुसती रंगवत राहायची. त्याच्या पट्ट्याला मात्र धक्का लावत नव्हती. थरावर थर चढून मी जड झाले होते. खरं सांगते, जीव नकोसा झाला होता.

एक दिवस मालकाचा कामावरचा जोडीदार शिडी मागायला आला आणि माझ्यासमोर थबकला.

"वहिनी, हे चित्र कुणी काढलं?"

"चित्र कसलं? यांचा रंग जुळवतेय. रोज जुळतो आणि सकाळी बदलतो."

"ओला असतानाच ठरवता होय? तो तर सगळ्यांना सांगायचा, वाळल्यावर बघा म्हणून."

"मला नाही कधी सांगितलं."

"तुम्ही कुठे गिऱ्हाईक होता?"

ती हसली. मालक गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता पुन्हा रडली.

दोघांनी मिळून जरा फिका रंग कालवला आणि तो वाळेपर्यंत थांबले. सकाळी तो जुळला. खोली रंगली आणि तिने मला त्याच भिंतीवर टांगलं. आता त्याचा पट्टा वेगळा दिसतच नाही. माझ्या मधोमध खिडकी पडलीय आणि तिच्यातून भिंत दिसतेय, असं वाटतं. ती येता-जाता तिथे बोट ठेवते.

मला वाटलं, सुटलो आपण सगळे. पण काल तिने नवी फळी आणून समोर टेकवली आणि पिवळा डबा उघडला. आता जुळवायचं काहीच उरलेलं नाही, तरी.

बाळे, तू कोरी आहेस, घाबरली असशील. ती खरवडेल, पुसेल, मध्येच रडेलही. तुला वाटेल, हिच्या हातून काही व्हायचं नाही. एवढ्यात ठरवू नकोस. वाळल्यावर बघ.