मागे कोण पुटपुटलं?

टीव्हीच्या दुकानात सासूबाई, नवरा आणि मी असे तिघं गेलो, तेव्हा नवऱ्याचं घरूनच ठरलेलं होतं. या देशाच्या भाषेतले चॅनल आपोआप येत. त्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नसे. आपल्याकडचे चॅनल आमच्या इमारतीत येतच नव्हते. राहिलं इंग्रजी. त्याचे तीन पॅक होते: खेळांचा, बातम्यांचा आणि मालिकांचा. यातला एकच घ्यायचा आणि एकदा घेतला की वर्षभर बदलायचा नाही.

"बातम्यांचा," नवरा म्हणाला. "स्वच्छ उच्चार, शुद्ध भाषा. तुझ्या परीक्षेला हेच लागणार."

परीक्षा माझीच होती, पण तिच्याबद्दल बोलायचा मक्ता त्याच्याकडे असायचा.

लग्नाआधीपासून मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या फोन टेबलावर होते. नंतर त्या टेबलाची प्रमुख झाले. पेशंटचा फोन घ्यायचा, त्याला नेमकं काय होतंय ते काढून घ्यायचं आणि योग्य डॉक्टरपाशी धाडायचं, हे माझं काम. मला ते फार छान जमायचं, हे सांगायला मी कशाला लाजू? मग नवऱ्याची इकडे बदली झाली आणि मी घरी बसले. इथल्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटसाठी इंग्रजीचं वेगळं टेबल आहे. तिथल्या परीक्षेला बसले आणि सपशेल आपटले. लिहिता-वाचता मला झकास येतं. पण फोनवरच्या बाईचं पहिलं वाक्य मनातल्या मनात मराठीत उलटवेपर्यंत बाई चार वाक्यं पुढे गेलेली असायची. तिथल्या प्रमुख बाईंनी पुन्हा एकदा बसायची मुभा दिली, पण ती शेवटची. हुकली असती तर मी या देशात कायमची भाजी निवडत बसणार होते.

म्हणून मी दुकानदाराच्या कागदावर तिसऱ्या पॅकवर बोट ठेवलं. "हा."

"मालिका?" नवरा म्हणाला. "अगं, रडक्या मालिका बघून कुणी इंग्रजी शिकलंय का?"

"आजारी माणूस बातम्या दिल्यासारखा बोलतो का रे? तो कण्हतो, खोकतो, मध्येच बायकोवर डाफरतो. मला तसं बोलणारी माणसं हवीत."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी तिन्ही पॅकवरची चित्रं नीट पाहिली आणि म्हणाल्या, "बाळ्या, तिसऱ्यात बायका भांडताना दिसतायत. तेच घे."

अशी आमच्या घरी ती लॉन्ड्रीवाली मालिका आली. एक मोठं कुटुंब, त्यांची लॉन्ड्री, दिवसभर घरघरणारी यंत्रं, आणि त्या आवाजावर आवाज चढवून एकमेकांवर खेकसणारी सात-आठ माणसं. कोपऱ्यात इस्त्री करणारी एक म्हातारी असायची. ती कायम पाठमोरी, आपल्याशीच पुटपुटत. सासूबाईंचा जीव जडला तो तिच्यावर. नायक-नायिका गेले उडत.

"काय म्हणाली गं?" त्या विचारायच्या. मी नायिकेचं सांगायला लागले की हात झटकायच्या. "ती नाही. मागे म्हातारी काय पुटपुटली?"

मी पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरं वाचून सांगायचे. जे बोललं जाईल ते तिथे इंग्रजीत लिहून यायचं. ती अक्षरं काही केल्या बंद होत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी बंद करायला फारशी धडपडलेही नव्हते. नवराही तीच वाचायचा. एकदा तो खो खो हसला तशी सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"अरे, त्याने अजून तोंड उघडलं नाही. तू हसलास कशाला?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणूस बोलायच्या आधीच आम्ही वाचून मोकळे होत होतो. इतके दिवस मी टीव्ही ऐकलाच नव्हता, पुस्तकासारखा वाचला होता. शाळेपासूनची सवय ती. फोनवर कुठली आली खाली अक्षरं? मी उठले, हात पुसायचा टॉवेल आणला आणि टीव्हीच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून त्याने पडद्याचा खालचा भाग झाकून टाकला.

पहिले काही दिवस हाल झाले. मला काही म्हणजे काही कळेना. सासूबाई मात्र सोडायला तयार नाहीत. "काय म्हणाली?" आणि मी गप्प. "सांग की. तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?" मला रडूच फुटायचं बाकी होतं. एकदा तर मी ठोकून दिलं, की म्हातारी म्हणाली आज फार उकडतंय.

"खोटं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "उकडतंय म्हणताना माणूस दाराकडे बघत नाही. ती कुणाची तरी वाट बघतेय. नीट ऐक."

मी नीट ऐकलं. घर सोडून गेलेल्या नातवाबद्दल बोलत होती ती. त्यानंतर थापा मारायच्या बंद केल्या. जेवढं कळेल तेवढं लगेच मराठीत सांगायचं, नाही कळलं तर तसं सांगायचं. सासूबाई थांबू देत नसत, त्यामुळे वाक्य मनात उलटवत बसायला वेळच मिळत नसे. हळूहळू मी म्हातारीच्या शब्दांमागून धावायचं सोडून तिच्या बरोबरीने चालायला लागले. नवऱ्याची मात्र पंचाईत झाली. तो अधूनमधून टॉवेलचा कोपरा उचलून बघायचा.

"यांचे उच्चारच धड नाहीत," तो म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचा भाग लागला.

परीक्षेच्या दिवशी मला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, समोर प्रमुख बाई, आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी पेशंटची मुलगी होऊन फोन करणार. फोन वाजला. मागे नळ वाहत होता, पोर किंचाळत होतं, आणि बाई घाईघाईत सांगत होती की वडिलांची उद्याची वेळ पुढच्या आठवड्यात ढकला. साधं काम. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. नवी वेळ द्यायला हात कीबोर्डवर ठेवला, तेवढ्यात तिने फोन बाजूला धरून घरातल्या कुणाला तरी काहीतरी म्हटलं. पुटपुटल्यासारखं, नळाच्या आवाजात.

आणि माझ्या कानात सासूबाई म्हणाल्या, मागे काय पुटपुटली गं?

ती म्हणाली होती, हलवू नकोस त्यांना, सकाळपासून हाका मारतोय, उठतच नाहीयेत.

मी नवी वेळ दिली नाही. विचारलं, वडील श्वास घेतायत का, हाक मारल्यावर डोळे उघडतात का. पत्ता घेतला, ॲम्ब्युलन्स पाठवतेय म्हणाले, ती येईपर्यंत फोन ठेवू नका म्हणाले. सगळं इंग्रजीतून, न अडखळता. बोलून झाल्यावर मला आठवलं, की मधे मराठी कुठे आलंच नव्हतं.

प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ते वाक्य आम्ही मुद्दाम मागे टाकतो. बहुतेक जण पुढच्या आठवड्यातली वेळ देऊन मोकळे होतात. सोमवारपासून या."

मी हॉस्पिटलच्या बाहेर आले आणि भर रस्त्यात मोठ्याने हसले. लोक वळून बघायला लागले. बघू देत. माझी खुर्ची मला परत मिळाली होती.

सोमवारी पहिली ड्यूटी करून घरी आले, तर टॉवेल अजून जागेवर होता आणि सासूबाई एकट्याच टीव्हीपुढे. भाग नुकताच संपला होता. चप्पल काढता काढता मी विचारलं, "काय झालं आज? म्हातारी काय म्हणाली?"

त्यांनी सांगितलं. नातू परत आला, म्हातारीने त्याच्याकडे न बघताच त्याचा शर्ट मागून घेतला आणि म्हणाली, आधी हा इस्त्री करते, मग बोलू.

"आई, तुम्हाला हे सगळं कळलं?"

"न कळायला काय झालं? इतके महिने तू काय भिंतीला सांगत होतीस?" त्यांनी पाय सोफ्यावर घेतले. मग एकदम हात वर केला. "थांब. मागे कोण पुटपुटतंय?"

स्वयंपाकघरात कुकर लावता लावता, नळ सोडून, आमच्याकडे पाठ करून नवरा म्हणत होता, "बरोबर होता तिचा पॅक."

"मोठ्याने बोल रे, बाळ्या," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला?" मी म्हणाले. "मला ऐकू आलं."